खुर्चीतल्या दोघी

अंजूर,
११ जानेवारी २०२४

चि. मनालीस आजीचा आशीर्वाद व जय भीम. वि. वि. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू गिळतेस, म्हणून कागद. चौथीपर्यंतचं अक्षर हाय, लावून वाच.

आजोबांचा कॅमेरा भंगारात देऊ नको म्हणून तू नाशिकला बसून गळा काढतेस. इथे घर तुझ्या बापाचं, खाट माझी. ते पेटारं कुठे ठेवू, डोक्यावर? राघो भंगारवाल्याला सांगून ठेवलंय. तरी नात आहेस म्हणून बोलते. त्यातून एक फोटो नीट काढून दाखव, कॅमेरा तुझा. न्हाय तर राघोचा.

फिल्म ठेवायच्या त्या चपट्या लाकडी पेट्या, होल्डर गं, ते मी दुरुस्त केलेत. खालच्या झडपेचं कापड कुजलं होतं, तिथे लूमवरचा काळा तुकडा चिकटवला. उजेड अडवायची मखमल किड्यांनी खाल्ली होती, ती माझ्या ब्लाउजची लावली. स्टुडिओ चालू होता तेव्हाही हे माझंच काम. आजोबांनी अख्ख्या भिवंडीचे फोटो काढले, नवरानवरीचे, बाळांचे, कोणाच्या बकरीचासुद्धा. माझा एक न्हाय. हे मी त्यांना मरेपर्यंत ऐकवलं.

होल्डरच्या सरकत्या पट्ट्याही पुसल्या. एका बाजूने पांढरी कड, दुसऱ्या बाजूने काळी. सगळ्या पांढऱ्या बाहेर केल्या, बघायला बऱ्या. ये आता. लोभ वाढवायचा का ते तुझा फोटो बघून ठरवीन.

आजी मंदा

नाशिक,
२९ जानेवारी २०२४

ती. आजीस स. जयभीम वि. वि. आजी, आधी खाली बस, मग पुढचं वाच.

पट्टीची पांढरी कड बाहेर असली की आतली फिल्म कोरी, आणि काळी असली की फोटो काढून झालेला. सगळे फोटोग्राफर हे पाळतात, आजोबाही पाळत असणार. तू सगळ्या पांढऱ्या केल्यास! एका होल्डरमध्ये आजोबांनी फोटो काढलेली, पण न धुतलेली फिल्म अजून होती. मला वाटलं कोरीच आहे, आधी हिच्यावर सराव करू. मी आले तेव्हा अंगणात स्टुडिओच्या जुन्या खुर्चीत तुला बसवून काढला, तो फोटो त्याच फिल्मवर, आधीच्या फोटोवरच गेला. नंतर काढलेले, मी फिल्म घाईत भरल्यामुळे, उजेड लागून सगळे जळाले.

काल फिल्म धुतली. खुर्चीत दोघी आहेत. एक तू, माझ्यावर डोळे वटारलेली. आणि तुझ्यातच बसलेली दुसरी, तरणी, मांडीवर उघडा होल्डर, हातात डिंकाचा ब्रश, मान कलंडलेली, तोंड उघडं, गाढ झोपलेली. तीही तूच आहेस.

दोघी वेगळ्या करता येत नाहीत. झडप तू उजेडात चिकटवलीस, त्यामुळे आत उजेड शिरून गुडघ्यांखालचं सगळं जळलं. याला नीट आलेला फोटो म्हणता येणार नाही. अट मी हरले. राघोला काय सांगायचं ते तू सांग. फोटो सोबत आहे. रागावलीस तरी आशीर्वाद कमी करू नकोस.

तुझी मनाली

अंजूर,
६ फेब्रुवारी २०२४

चि. मनालीस आशीर्वाद व जय भीम. वि. वि. बसून वाचला, तरी दरदरून घाम फुटला. तुझ्या बापाने पंख्याने वारा घातला आणि विचारलं की कोण गेलं. कोणी न्हाय गेलं, मीच आले म्हटलं.

ती बाई मीच. लूमवर रातपाळी करून आलेले, सकाळी गिऱ्हाइकं यायची म्हणून झडप चिकटवायला बसले आणि डोळा लागला. जाग आली तर आजोबा काळ्या फडक्याखाली. मला वाटलं कॅमेरा पुसतायत. डिंक ओला असताना खेळ सुचतात का म्हणून त्यांना नको नको ते बोलले. माणूस नुसता हसला. पुढे जन्मभर माझे टोमणे खाल्ले, पण एकदा सांगितलं न्हाय. फिल्म का धुतली न्हाय ते आता कोणाला विचारू? झोपलेल्या बायकोचा फोटो काढतात काय, मेल्यांनो! तू पण त्यांच्याच रक्ताची.

फोटो नीट न्हायच आला. राघो आला होता, त्याला मोडका पंखा देऊन पाठवला.

आता कामाचं ऐक. होल्डरला दोन बाजू, दोन फिल्म. गिऱ्हाइकाचे डोळे मिटले तर आजोबा होल्डर उलटा करून लगेच दुसरा काढायचे. माझे तर मिटलेलेच होते. तेव्हा त्या होल्डरची दुसरी पट्टी पांढरी दिसली तरी ओढू नकोस, ती मीच फिरवलीय. फिल्म अंधारात काढ आणि धू. जागी झाल्यावर मी तोंड सोडलं होतं, तशीच दिसेन. दिसले तर पाठव.

लोभ आहेच, वर फोटोची वाट पण बघते.

आजी मंदा