शून्यातून भाकरी

३ नोव्हेंबर, सकाळी ९
नीला पहिल्या एसटीने डोंबिवलीला गेली. आमच्या लेकीने, दर्शनाने, बाळंतपण तिकडेच करायचं ठरवलंय. नीला ५ डिसेंबरला परत.
निघताना म्हणाली की मैनाला सांगून ठेवलंय, दोन वेळचा डबा ती देईल, तुम्ही गॅसला हात लावू नका. तेही शेजारच्या त्या मैनासमोरच. छत्तीस वर्षं सरकारी नोकरी केली मी. माझ्या सहीशिवाय पोलादपुरात फाईल हलत नव्हती, आणि मला गॅसचं बटण कळणार नाही?
संकल्प: डबा बंद. स्वयंपाक मी करणार. नुसता करणार नाही, लोकांना शिकवणार.

४ नोव्हेंबर
यूट्यूबवर चॅनल काढलं. नाव 'शून्यातून स्वयंपाक'. ज्यांना काहीच येत नाही त्यांच्यासाठी. ज्यांना सगळं येतं ते नीट शिकवू शकत नाहीत, कारण न येणं म्हणजे काय हे ते विसरलेले असतात. मी विसरलेलो नाही. हा माझा प्लस पॉइंट.
महाडला जाऊन ट्रायपॉड आणला. दुपारी मैना डबा घेऊन आली. परत पाठवला. संध्याकाळी बिस्किटं.

६ नोव्हेंबर
धडा पहिला: गॅस पेटवणे. अकरा मिनिटं. नवव्या मिनिटाला लक्षात आलं की सिलिंडरचा नॉबच बंद आहे. तो भाग कापला नाही. सुरक्षेच्या दृष्टीने उपयुक्त.
व्ह्यूज नऊ. त्यातले सहा माझे.

९ नोव्हेंबर
धडा दुसरा: भात. तांदळावर बोटाचं एक पेर बुडेल इतकं पाणी, हे मला ऐकून माहीत. बोट कुठलं, ते कोणी सांगत नाही. मी मधलं घेतलं, आणि पेर मोजलं तळहाताकडून, म्हणजे अख्खं बोट पाण्यात. भात झाला, पण वाटीने पिता येत होता.
व्हिडिओचं नाव बदललं: 'आजारी माणसासाठी पेज'. व्ह्यूज एकतीस. लोकांना गरज होती तर.

१३ नोव्हेंबर
तांदळाची भाकरी. सात थापल्या. तव्यापर्यंत एकही अख्खी पोचली नाही. शेवटी मैनाला बोलावलं. टीव्हीवर करतात तसंच. पीठ माझं, हात माझे, बोलणं माझं. मग कट, आणि तव्यावर टम्म फुगलेली भाकरी मैनाची. ही फसवणूक नव्हे. याला एडिटिंग म्हणतात.
मैना म्हणाली की काका, काकीला कळलं तर काय खरं हाय का माझं? मी म्हटलं, डोंबिवलीत बसून काय कळणार.
व्ह्यूज चारशे बारा. खाली नीलाची कॉमेंट: छान फुगली. चार वेळा वाचली.

२१ नोव्हेंबर
नातू झाला. दोघंही बरी आहेत. आनंदात कुळथाच्या पिठल्याचा धडा टाकला.
मैनाचं रोज दोन वेळा येणं सुरू आहे. डबा म्हणून नाही, शूटिंगचं सामान म्हणून. शूटिंगनंतर वाया जाऊ नये एवढ्यासाठी खातो.

२८ नोव्हेंबर
नीलाचा फोन. दर्शना मार्चमध्ये कामावर रुजू होणार, तोपर्यंत आईने राहावं म्हणते. नीला म्हणाली, तुमचं तर झकास चाललंय, व्हिडिओ रोज बघते, मग राहू का? मी म्हटलं, राहा की, खुशाल राहा. आवाज एकदम खणखणीत ठेवला.
पिठलं तसंच राहिलं. भूक नव्हती.

३० नोव्हेंबर
मार्च म्हणजे चार महिने. घर फार मोठं आहे हे पूर्वी लक्षात आलं नव्हतं.
खरं सांगून टाकावं? शक्य नाही. मी पडतं घेणाऱ्यातला नाही.
नवा प्लॅन. मैनाशिवाय भाकरी, थेट लाइव्ह. जमली तर मी जिंकलो. फसली तर नीला धावत येईल. दोन्हीकडून माझाच फायदा.
भाकरीचं सगळं रहस्य उकडीत, आणि उकडीचं गरम पाण्यात. ते आपल्याकडे जमिनीतूनच येतं. गॅसची कटकटच नको.

२ डिसेंबर
स्कूटरवरून महाडजवळच्या सव गावी गेलो. गरम झऱ्यात पाय सोडून एक म्हातारा बसला होता. पाणी कशाला म्हणून त्याने विचारलं. भाकरीला, म्हटलं. त्याने पाय बाहेर काढले.
पाच लिटरचा कॅन भरून आणला. घरी येईस्तोवर पाणी कोमट. वास मात्र टिकून होता.
लाइव्ह सुरू. मैना दारात उभी राहून हातवारे करत होती. लक्ष दिलं नाही. भाकरीला भेगा. उचलली तर अर्धी हातात, अर्धी परातीत. तव्यावर दोन्ही तुकडे जोडून ठेवले. कॅमेऱ्यासमोर खाल्ले आणि उत्तम म्हणालो. मग कसं कोण जाणे, बोलून गेलो की नीला, मला यातलं काही येत नाही, तू ये.
हात पिठाचे. मोबाईल बंद होईना. पुढची चार मिनिटं मी नुसताच उभा. तेही लाइव्ह गेलं.

३ डिसेंबर, सकाळी ८
नीलाचा फोन. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.
म्हणाली की पहिल्याच दिवशी ओळखलं. मैनाच्या भाकरीला काठाशी करंगळीची खूण उमटते, आख्ख्या आळीला माहीत हाय. रोज व्हिडिओत मैनाचा डबा दिसायचा, म्हणून तर ती निर्धास्त होती, म्हणून तर राहायचं ठरवलं. तुमची भाकरी काल पहिल्यांदा बघितली, म्हणाली.
मी ये म्हटलं होतं, त्याचं विचारलं. लेकीला असं टाकून येता येत नाय, म्हणाली. रविवारी व्हिडिओ कॉल लावून मोबाईल ओट्यावर ठेवा, मी सांगते तसं करा, मार्चपर्यंत येईल तुम्हाला. ठेवता ठेवता म्हणाली की मलाही इथे करमत नाय.
मी म्हटलं, बघतो वेळ मिळाला तर.
रविवारची वाट कोण बघतो. पाणी आत्ताच चढवलंय. वाफ दिसेपर्यंत पीठ टाकायचं नाही, असं ती म्हणाली. पातेल्यासमोर खुर्ची टाकून बसलोय.

सकाळी ८.४०
अजून वाफ नाही. सिलिंडरचा नॉब बंद होता.