मागून येणारी खुळखुळ

प्रिय मिस्त्री,

खुळ्‌-खुळ्‌-खुळ्‌, आणि खड्डा आला की एकदम खुळुक्‌! तुझ्या मागच्या मडगार्डचा तो आवाज एकतीस वर्षं झाली तरी कानातून गेलेला नाही. दुपारी जरा डोळा लागतो न लागतो तोच तो सुरू होतो, आणि मी पुन्हा कालव्याकाठच्या त्या सरळ रस्त्यावर असतो. दोन्हीकडे ताटासारखी सपाट शेतं, आणि पार टोकाला पुढच्या गावाचा विटांचा बुरूज. तासभर पायडल मारलं तरी तो जवळ येत नसे. तू म्हणायचास, कविराज, तो बुरूजही सायकलवर बसलाय, आपल्याला बघून पुढे पळतोय.

घाई कसली ती आपल्याला नव्हतीच. वर्षातून आठ दिवस, कॅरिअरवर एकेक वळकटी, आणि वाटेत जे जुनं गाव लागेल ते आपलं. मी वेशीवरची झिजलेली अक्षरं बोट फिरवून वाचायचो आणि तू त्याच वेशीच्या बिजागऱ्या बघत उभा. इतक्या जुन्या बिजागऱ्या अजून कुरकुरत नाहीत, याचं तुला केवढं कौतुक! मी मात्र बाईंनी शाळेत टेबलावर पट्टी आपटत पाठ करून घेतलेल्या कवितांच्या नादात. पायडलच्या चालीवर त्या आपोआप ओठांवर यायच्या, त्या संपल्या की माझ्या स्वतःच्या सुरू. आणि एकदा का मी सुरू झालो की मागे वळून बघायचो नाही. आपला नियम एकच होता : फाटा आला की पुढच्याने थांबायचं. तो नियम तू केलास, कारण पुढचा नेहमी मीच.

त्या खुळखुळीवरून मी तुझी किती टर उडवली! गावभराच्या वाकड्या चाकांचा आउट काढणारा हा मिस्त्री, आणि याच्याच मडगार्डचा स्क्रू सैल! तुझं उत्तर ठरलेलं : माझी सायकल बोलकी आहे, तुझी घुमी, अगदी मालकावर गेलीय.

इकडचं म्हणशील तर बरं चाललंय. उजव्या डोळ्याला आता बारीक अक्षर दिसत नाही. छापखान्यात जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, आता पेपरातल्या चुका मला दिसेनाशा झाल्या, हे एका अर्थी बरंच. सून म्हणते, मोठ्या अक्षरांची पुस्तकं आणा. मी म्हटलं, मला पाठ असलेलं पुरे आहे. नातवाला परवा एक कविता म्हणून दाखवली, तर तो विचारतो, आजोबा, हे कधी संपणार?

त्या शेवटच्या फेरीबद्दल आपण कधी बोललो नाही. दर महिन्याला बसने दहा मिनिटं येऊन तुझ्या ओट्यावर बसतो, चहा पितो, गुडघ्यांची गाऱ्हाणी सांगतो, आणि परत येतो. म्हणून आज लिहितोय. समोर तू नसलास की मला जरा धीर येतो.

त्या सकाळी वारा समोरून होता. तू कानाला मफलर गुंडाळला होतास. मला एक ओळ सुचली होती, तिच्यामागे मी असा लागलो की फाटा कधी मागे पडला कळलंच नाही. बुरुजाखाली पोचलो, पायरीवर बसलो, वहीत दोन कडवी उतरवली आणि मग मान वर केली. रस्ता मोकळा. वाटलं, कुणाच्या तरी दाराच्या बिजागऱ्या बघत बसला असेल. पुन्हा वहीत डोकं घातलं. उलट निघालो तेव्हा तीन तास होऊन गेले होते. फाट्याला तू पोचलाच नव्हतास; त्याच्या आधीच, कालव्याच्या उतारावर, सायकलखाली पडला होतास. मांडीचं हाड मोडलं होतं. घंटी वाजवून वाजवून तुझा अंगठा सुजला होता. आणि मला बघून तू काय म्हणालास? कविता झाली का रे पुरी?

दवाखान्यात वहिनी रडत रडत मला म्हणाल्या, भाऊजी, तो स्क्रू ते मुद्दाम सैल ठेवायचे हो. म्हणायचे, कविराज मागे बघत नाही, पण ऐकतो. आवाज थांबला की वळेल. त्यावर तू खाटेवरून म्हणालास, काल संध्याकाळी चेनला तेल घालताना मीच सवयीने पिळला असणार. सकाळी आवाज आला नाही, तर मला वाटलं वाऱ्यामुळे ऐकू येत नाही. हात आपोआप फिरला बघ.

मी तिथेच उभा होतो. माझ्या हातात तुझ्या औषधांची पिशवी होती.

पुढे तुझा पाय आखूड झाला, तो तू हसून घेतलास. पण दुकान बंद केलंस. जो हात काय करतो ते त्याचं त्यालाच आठवत नाही, त्या हातावर लोकांनी आपलं चाक सोपवू नये, म्हणालास, आणि गोदामात हजेरी मांडायला गेलास. सायकल भिंतीला टांगलीस ती टांगलीसच. लोक म्हणाले, पायामुळे. मला माहीत होतं कशामुळे.

मिस्त्री, तुझा हात चुकला नव्हता. तो स्क्रू मी पिळला. निघायच्या आधी तू अंघोळीला गेलास तेव्हा, तुझाच पाना घेऊन. आदल्या दिवशी ती खुळखुळ माझी ओळ सारखी तोडत होती, म्हणून. एवढंच कारण. घट्ट बसेना, तर वहीचा कोपरा फाडून, घडी घालून नटाखाली सरकवला. त्यावर माझ्याच अक्षरात अर्धी ओळ आहे. पुरी ती कधीच झाली नाही. मडगार्डच्या आत, चिखलाखाली, ती अजून तिथेच असेल. एकतीस वर्षं तुझ्या भिंतीकडे बघत मी चहा पितोय.

आता का सांगतो? परवा तुझ्या लेकीचा फोन आला. पोरीने तुझं दुकान पुन्हा उघडलंय. म्हणाली, काका, बाबांची सायकल खाली काढून पुढ्यात ठेवली, तर त्यांनी तोंड फिरवलं. नुसते येऊन बसा म्हटलं तर म्हणतात, माझ्या हाताचा भरवसा नाही. तुम्ही समजवा ना, तुमचं ते ऐकतात. तुझ्या हाताचा भरवसा मी चोरला होता, तो परत करायला हे पत्र. मला क्षमा करशील की नाही हे विचारायची माझी प्राज्ञा नाही. तू फक्त दुकानात जाऊन बस. एक चाक हातात घे. आणि

थांब. फाटकाशी कोणीतरी आलंय. या वेळी आमच्याकडे कोणी येत नाही. खिडकीतून नीट दिसत नाही, पण ऐकू येतंय. खुळ्‌… खुळ्‌… खुळ्‌… सायकलवर बसलेल्याची ही चाल नव्हे, सायकल हाताने ढकलत एक पाय ओढत चालणाऱ्याची आहे. तो स्क्रू सोडवल्याशिवाय हा आवाज यायचा नाही, आणि सोडवताना कागद हाती आल्याशिवाय राहायचा नाही.

हे टपालात टाकायचं राहिलंच. हातात घेऊन दार उघडतो.

तुझाच, फाट्यावर न थांबलेला,
कविराज