अस्वलाचं नाव घ्यायचं नसतं

आई,

लेक माझ्याशी बोलत नाही, म्हणून तुला लिहिते आहे. बोलत नाही म्हणजे कामापुरतं बोलते. नातीला शाळेतून आण, गोळी घेतलीस का, एवढंच. तू गेल्याला तीस वर्षं होऊन गेली. एवढ्या वर्षांत एक ओळ लिहिली नाहीस आणि आता घरात भांडण झाल्यावर बरी आई आठवली, असं तू म्हणशील. म्हण. चूक माझीच आहे, पण ती कबूल करण्याआधी मला थोडं चिडू दे.

सुरुवात अस्वलापासून झाली. नातीच्या शाळेने मुलांना सांगितलं, घरात बोलल्या जाणाऱ्या सगळ्या भाषांमध्ये एका प्राण्याच्या नावाचे जितके अर्थ सापडतील तितके मोठ्या कागदावर लिहून आणा. आम्ही शिकवायचो तेव्हा मुलांना आधी पाढे येत असत, असो. तिने अस्वल निवडलं. "माझा अस्वल ब्राऊन आहे," ती म्हणाली. मी म्हटलं, "माझा नाही, माझं." तर म्हणे, "तुझं नाही आजी, माझा." सात वर्षांची आहे, आणि तोंड कुणाकडून आलंय ते विचारू नकोस.

तिचा बाबा फिनलंडचा. गेल्या हिवाळ्यात त्याचा आणि लेकीचा घटस्फोट झाला. दोघांनाही एकमेकांच्या दारात उभं राहायचं नसतं, म्हणून शनिवारी लेक सकाळी मुलीला माझ्याकडे सोडते आणि दुपारी तो घेऊन जातो. ब्रिस्टलमधलं माझं स्वयंपाकघर म्हणजे त्यांची सरहद्द, आणि मी चहा देणारी शिपाई. तो मला अजून आई म्हणतो. इंग्रजी बोलता बोलता मध्येच 'आई' म्हणतो आणि पुढे चालू लागतो, जणू तो त्याच्याच भाषेतला शब्द आहे.

त्या शनिवारी तिघं टेबलाशी बसलो होतो. इंग्रजीचा रकाना भराभर भरला. शेअरबाजारात भाव पडणार म्हणून विकून मोकळा होणारा तो अस्वल, करकचून मारलेली मिठी अस्वलाची, आणि तिच्या उशाशी असलेलं कापसाचंही अस्वलच. सोसणे या अर्थाचा 'बेअर' शब्द कुळानेच वेगळा, त्याचा अस्वलाशी काही संबंध नाही असं मी बजावलं, तरी कार्टीने तोही लिहिला. मग तो सांगायला लागला. त्यांच्याकडे ब्लॅकबेरीच्या नावात अस्वल असतं. मदत म्हणून केलं आणि ज्याला मदत केली त्याचंच वाटोळं झालं, तर ती अस्वलाची सेवा. मी म्हटलं, आमच्याकडे अस्वलाच्या गुदगुल्या असतात, हसता हसता जीव जातो. तो खूश झाला. मग म्हणाला, "पण आई, खरं सांगायचं तर आमच्याकडे अस्वलाला नावच नाही." रानात त्याचं नाव घेतलं तर ते ऐकतं आणि येतं, म्हणून जुनी माणसं त्याला मधाळ पंजाचा म्हणत, चार पायांवर चालणारा म्हणत. आज सगळे जो शब्द वापरतात त्याचाही मूळ अर्थ खरखरीत केसांचा, एवढाच. इंग्रजी शब्दही म्हणे मुळात 'तपकिरी' असाच. म्हणजे दोन्हीकडे टोपणनावंच उरली, खरं नाव भीतीपोटी हरवून गेलं.

मला तू दिसलीस. साखर कारखान्याची कॉलनी, मागे लगेच उसाचे फड, आणि दिवेलागणीनंतर तुझ्या तोंडी 'साप' शब्द नाही. "लांबडं दिसलंय न्हाणीपाशी, चपला घालून जा." मी कॉन्व्हेंटमध्ये जाणारी, सिस्टरनी शिकवलेलं की प्रत्येक गोष्टीला तिच्या नावाने हाक मारावी, उरलेलं सगळं अडाणीपण. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी राहून मुद्दाम "साप, साप, साप!" म्हणते आणि तू भाकरी थापता थापता न वळता म्हणतेस, "झालं? आता ताट घे." आणि ती दुसरी दुपार. ऊसतोडीवरच्या एका बाईच्या नवऱ्याला पान लागलं होतं. ती आपल्या ओट्यावर बसलेली, तू तिच्या हातात पाण्याचा तांब्या देत "पान लागलं, बाई, पान लागलं" एवढंच पुटपुटत होतीस. आणि दहा वर्षांची मी खणखणीत आवाजात म्हणाले, "पान काय? साप चावला आणि तो मेला." तू मारलं नाहीस. दंडाला धरून आत नेलंस आणि हळू आवाजात म्हणालीस, "तिला ठाऊक नाही काय झालंय ते? तुझ्याकडून कळायचं राहिलं होतं?" तेव्हा मला तुझा राग आला होता. खरं बोलल्याची शिक्षा, असं मी सिस्टरना सांगितलंसुद्धा.

तर अशी मी. आयुष्यभर सरळ बोलले. इथल्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, हेडमास्तरांना तोंडावर चुका दाखवल्या. आणि गणपतीत इथल्या मराठी मंडळातल्या मैत्रिणीने "जावई दिसत नाहीत?" असं विचारलं, तेव्हा हातात आरतीचं ताट धरून मी म्हणाले, "फिनलंडला गेलेत. त्यांच्या आईचं बरं नसतं." बिचारी त्याची आई, सत्तरीची, धडधाकट, तिला मी आजारी पाडलं.

आम्ही अस्वलाचा कागद रंगवत असताना बेल वाजली. दार त्याने उघडलं. बाहेर ती मैत्रीण, हातात डिंकाच्या लाडवांचा डबा. तिने डबा छातीशी धरला. मग म्हणाली, "अय्या, जावईबापू! कधी आलात? आईंचं कसं आहे?" त्याला येतं तेवढ्या मराठीत त्याने उत्तर दिलं, "आई बरी. लाकडं फोडते." मी आत उगाच नळ सोडला.

रविवारी संध्याकाळी त्याने नातीला माझ्याकडे आणून सोडलं आणि लेक न्यायला आली, तेव्हा नातीने सगळं साग्रसंगीत सांगितलं. लेकीने कोट काढलाच नाही.

"माझ्या घटस्फोटाला तू सासूबाईंचं आजारपण म्हणतेस?"

"अगं, लोक उगाच..."

"लोक जाऊ देत. तुला माझी लाज वाटते. बोल ना सरळ, तू तर सरळ बोलणारी!"

मी विचारलं, चहा टाकू का. आई, मी! ती मुलीला घेऊन गेली, आणि तेव्हापासून हे कामापुरतं चाललंय.

काल मैत्रिणीला फोन केला. म्हटलं, "ऐक, मी खोटं बोलले. त्यांचा घटस्फोट झालाय." ती म्हणाली, "माहीत आहे गं. तुझ्या लेकीने माझ्या सुनेला मार्चमध्येच सांगितलं."

"मग ते लाडू कुणाला आणलेस?"

"तुला. किती वाळलीस ते आरशात बघ. तो दारात दिसल्यावर मला काही सुचेना, मग तुझंच खोटं पुढे रेटलं. गणपतीत विचारलं तेही तुला बोलायला वाट मिळावी म्हणून; नंतर तू सांगशील तेव्हा सांगशील, म्हणून आम्ही सगळ्या थांबलो होतो."

म्हणजे सगळ्या मंडळाने मला पाण्याचा तांब्या दिला होता आणि मी त्यांनाच खोटं पाजत होते. संताप आला. मग रडू आलं. मग पुन्हा संताप.

मैत्रिणीला खरं सांगून टाकलं, हे लेकीला लगेच सांगितलं. "सांगितलंस? 'घटस्फोट' याच शब्दात?" "त्याच शब्दात." ती थोडी निवळली. म्हणाली, "आता हेही सांग, लपवलंस का?" मी म्हटलं, "म्हातारी झाले, जुनी सवय."  तिला ते पटलेलं नाही, आणि ते खरंही नाही.

लाज कधीच वाटली नाही, तिची तर नाहीच. मला वाटलं, चारचौघांत तो शब्द एकदा माझ्या तोंडून निघाला की तो कुणाचा जावई राहणार नाही, आणि मग एखाद्या शनिवारी बेल वाजवून, दारातच उभा राहून, 'आई' न म्हणता मला नावाने हाक मारेल. हे मी लेकीला सांगू शकत नाही. तिला तो नको आहे, आणि मला तो आवडतो.