गुनवोरच्या लग्नातला गुच्छ

ती. बोर्गिल्डताईस,

हाल्वोरचा एका पायाचा नमस्कार. (दुसरा थंड पाण्याच्या बादलीत बुडवलाय, का, ते पुढे येतंच आहे.) तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला? लग्नघरात पाहुण्यांची रेटारेटी असेल आणि तू एकेकावर खेकसत असशील, म्हणजे तब्येत उत्तमच म्हणायची. इकडे वरच्या कुरणात गाई ठीक, लोणी भरपूर. कुत्रा तेवढा दुपारपासून पलंगाखालून बाहेर यायला तयार नाही.

तर गुच्छ. मामाने स्वतः कडा चढून फुलं आणायची आणि नवरीने ती आणणाऱ्याच्याच हातून घ्यायची, ही आपल्या खोऱ्याची रीत. तिच्यापायी तू माझं डोकं खाल्लंस. "हाल्वोर, डोंगरबाईचीच आण हो! डोंगररावाची आणलीस तर पोर डोंगरातच जाईल, त्या गुरोसारखी!" अगं, गुरोची गोष्ट मला का माहीत नाही? आजीनेच सांगितलेली. परक्या हातून डोंगररावाचं फूल घेतलं, डोंगराच्या पोटातल्या लोकांनी तिला नेलं, आणि सोडवायला गावाने चर्चच्या घंटा बडवबडव बडवल्या, तर मिळाला काय, तिचा एक बूट. म्हणून तर मी डोळ्यांत तेल घालून निघालो. गुनवोर मला माझ्या पोटच्या पोरीसारखी आहे. (मला पोटची पोर नाही, हे तू दर नाताळात ऐकवतेसच.)

आणि ही दोन फुलं ओळखण्यात माझा हात धरणारा खोऱ्यात कोणी नाही. दोन्ही पाषाणभेदाच्याच जातीची, दोन्ही खडकाच्या भेगेत गोल पसरून बसणारी, दोन्ही पांढरी. म्हणून अडाणी माणूस फसतो. पण डोंगरबाईचं पान रुंद, जिभेसारखं, कडेला अगदी बारीक दाते. तुरा तळापासून फांद्या फुटून असा भरगच्च येतो की कड्यावरून खाली झुकतो, जशी आपली थोरली आत्या माजघरात शिरायची. डोंगरराव तिच्या मानाने अंगाने लहान. दांडा बराच वरपर्यंत बोडका, फुलं शेंड्यालाच, पाकळ्यांवर कधी कधी लाल ठिपके. आणि खरी खूण पानाच्या कडेला: एकेका दात्यावर चुन्याचा पांढरा कण. तो चुन्याच्या खडकावर राहतो, बाई राहत नाही. संपलं! यात चुकायचंय काय?

चुकलो नाहीच. पडलो फक्त. कड्यावर हात पोचणार तोच पाय सटकला, घोटा मुरगळला आणि चष्मा दरीत गेला. (चष्मा दोरीने बांध, असं तू म्हणाली होतीस. झालं समाधान? आता जवळचं सगळं धूसर, हे पत्रही अंदाजानेच लिहितोय.) मी कपारीत उलटा लटकून तुझ्या नावाने खडे फोडत होतो, तर वरच्या कंगोऱ्यावर एक तरुण बसलेला. करडा कोट, चांदीची बटणं, आजोबांच्या फोटोत असतो तसा. म्हणाला, "कोणाचं लग्न, मामा?" मी म्हटलं, "गुनवोरचं, आमच्या बोर्गिल्डच्या थोरलीचं." (फुलं घरी येईतो डोंगरावर नवरीचं नाव घेऊ नये, ठाऊक आहे. उलट्या टांगलेल्या माणसाला रीतभात आठवत नाही, हेही तू ठाऊक करून घे.) "सुंदर नाव," म्हणाला. "फुलं मी देतो. आमच्या दारातच आहेत." त्या कड्यावर दार कुठलं, ते मी विचारलं नाही. आपण बरं, आपलं काम बरं.

त्याने मला पिसासारखा उचलून खोपटात आणून सोडलं. मुसळधार पाऊस होता, तरी त्याचा कोट कोरडा. चांगलं कापड असणार. आत यायच्या आधी दारावरचा सुरा काढायला लावला. धारेची भीती वाटते म्हणाला. मी जेवणाआधीची प्रार्थना सुरू केली तर कान झाकले. नाजूक आहे, मोठ्या घरचा दिसतो. आता समोरच बसलाय. माझ्याकडे बघत नाही, मी कुठवर लिहिलंय ते बघतोय.

मला पाऊल टाकवत नाही आणि लग्न उद्यावर आलंय, म्हणून फुलं आणि हे पत्र तोच घेऊन येतोय. त्याला दारात ताटकळत ठेवू नकोस. आत घे, आंबट सायीची लापशी वाढ, आणि फुलं गुनवोरला त्याच्याच हातून घ्यायला सांग, म्हणजे रीतही सांभाळली जाईल. पोरीला माझे पोटभर आशीर्वाद.

तुझा,
हाल्वोर

ता. क. : फुलं टेबलावर ठेवली होती तिथे पांढरं काही सांडलंय. भाकरीचं पीठ समजून बोट लावून चाखलं. पीठ नव्हे, चुना. मग पानांच्या कडा चाचपल्या. दात्या-दात्यावर कण. दांडाही चाचपला, शेंड्यापर्यंत बोडका.

ता. क. २ : ताई, वर लिहिलेलं सगळं खोटं समज. त्याला आत घेऊ नकोस, काही वाढू नकोस. गुनवोरला माडीवर कोंड, पादरीबाबांना बोलाव, दारावर पोलाद ठोक, ते त्यांना ओलांडवत नाही; कोयता, कात्री, जे हाताला लागेल ते. पत्र अडवून उपयोग नाही, घर त्याला माझ्याच तोंडून कळलंय. निदान त्याच्या हातून हे आधी तुझ्या हातात पडेल. वाचणं आमच्यात नाही, असं तो म्हणाला, त्या भरवशावर लिहितोय. माझी पोर वाचव गं. मला फार भीती वाटतेय.

ता. क. ३ : सासूबाईंना सादर प्रणाम. मामांनी लेखणी टाकली, म्हणून पुढचं मी लिहितो. वाचता येत नाही म्हणालो ती थट्टा होती, राग नसावा. मामांच्या पायाची सूज उतरेल, काळजी नको. आपण सावकाश वाचावं, दाराशी उभं राहायची मला सवय आहे. फक्त आमच्याकडची मंडळी ताटांवर खोळंबली आहेत, तेव्हा कोयता उतरवून गुनवोरला तेवढं बाहेर पाठवावं.