टाकीतली पाहुणी

प्रिय मावशी,

दादाचा फोन आला. तू वृद्धाश्रमात राहायला गेलीस आणि जाताना ‘माझा या घरात आता काय उपयोग’ असं म्हणालीस म्हणे. आधी तुझा भयंकर राग आला, मग रडू आलं, मग मी प्रयोगशाळेत गेले.

तिथे वेगळाच गोंधळ. कापड रंगवणाऱ्या कारखान्याचं निळं पाणी साफ करायला आम्ही तीन जातींचे जिवाणू एका टाकीत नांदवलेत. पहिली जात रंग तोडते, दुसरी त्या तुकड्यांचा फडशा पाडते. तिसरी नुसती खाऊन बसते, असं आमचं ठाम मत. म्हणून तिचं नाव ‘पाहुणी’. शेवटी सरांनी फर्मान काढलं, पाहुणीला नारळ द्या, तिच्या वाटणीचं या दोघींना मिळेल. नवी टाकी दोघींचीच लावली. सुरुवातीला पाणी असं झरझर निवळलं की सरांनी सगळ्यांना चहा पाजला. आणि मग सगळं ठप्प. आम्ही पंप खोलला, नळ्या बदलल्या, एकमेकांवर खेकसलो. आम्ल मोजायचं फार उशिरा सुचलं, कारण त्याचं प्रमाण आजवर कधी हललंच नव्हतं. पहिली खाता खाता आम्ल सोडते आणि पाहुणी ते गुपचूप पिऊन टाकायची. ती गेल्यावर दोघी त्या आंबट पाण्यात गुदमरल्या. वाईट वाटलं ते पाहुणीचं. तिला वेगळ्या बाटलीत भरपूर खाऊ घालून ठेवलं होतं, तिथे तीही खुरटली होती.

आता म्हणशील, कार्टी मला गोड बोलून परत बाबांकडे धाडतेय. नाही गं. आई गेल्यापासून बाबा जेवताना दादाला टोचून बोलायचे आणि तू मध्येच विचारायचीस, ‘मीठ कमी झालंय का रे?’ मीठ कधीच कमी नसायचं. आता ते दोघं वेगवेगळ्या खोल्यांत जेवतात. जेवू देत. त्यांचं त्यांनी निस्तरावं, तू पुष्कळ गिळलंस.

मी लिहितेय ते माझ्यासाठी. माझ्याकडे दोन खोल्या आहेत, एकीत नुसते कपडे वाळत असतात. ती तुझी. इथे तू काही करायचं नाहीस, अगदी काही नाही. मला फक्त संध्याकाळी कुलूप उघडायचा कंटाळा आलाय, मावशी. दार तू उघडावंस असं वाटतं. रविवारी न्यायला येतेय. नाही म्हणायचं असेल तर माझ्या तोंडावर म्हण. ते तुला कधीच जमलेलं नाही.

तुझीच,
बडबडी