डुक्कर फियाट आणि आमची अल्टो

१३ जुलै, रविवार. सकाळी ९.
निर्णय झाला. विम्याचा धंदा बस्स. बावीस वर्षं शेलूबाजारात लोकांच्या गाड्यांचे विमे काढतोय. गाडी ओळखण्यात माझा हात धरणारा अख्ख्या तालुक्यात नाही. यापुढे व्हिंटेज कार. जुनी घ्यायची, चमकवायची, शहरातल्या शौकिनाला विकायची. मोबाईलवर सहा व्हिडिओ पाहिले. सोपं आहे.

माल हेरून ठेवलाय. बायकोला, वर्षाराणीला, रोज इंझोरीकडच्या शाळेत शिकवायला सोडायला जातो, त्या रस्त्यावरच्या तांड्यात हरिसिंगच्या गोठ्यामागे एक डुक्कर फियाट उभी आहे. सन १९५६. आत कोंबड्या राहतात. आपल्या दारात काय उभं आहे याची बिचाऱ्याला कल्पना नाही.

१४ जुलै, सोमवार.
शाळेत जाताना तांड्यात थांबलो. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. हरिसिंगला पैसे नकोत. म्हणाला, मी पैशाचं काय करू साहेब, आमच्या पोराले, राजपालले, धंदा पाह्यजे, तुमची अल्टो द्या अन् हे घेऊन जा. मी मनातल्या मनात हसलो. नऊ वर्षं घासलेली अल्टो, आणि बदल्यात हेरिटेज! त्याचं मत फिरायच्या आत हो म्हणून टाकलं.

वर्षाराणीला शाळेत पोचायला चाळीस मिनिटं उशीर झाला. तसा वीस रोजच होतो. म्हणजे आजचा फक्त वीस.

१७ जुलै, गुरुवार.
व्यवहार पूर्ण. निघताना हरिसिंगने घरातून एक पोतं आणलं. जुनं स्टिअरिंग, चाकांच्या टोप्या, पुढची जाळी, मीटर. म्हणे, हेबी तिचंच हाय, कोंबड्या टोचतात म्हणून काढून ठेवलं. असलं भंगार घेऊन मी काय करू? तिथल्या तिथे त्याच्या बायकोला, चंदाबाईला, भेट देऊन टाकलं. तिने दोनदा विचारलं, नक्की ना भाऊ? मी म्हटलं, ठेवा हो. धंद्यात दिलदारपणा हवाच.

फियाट ट्रॅक्टरने ओढून घरी आणली. वर्षाराणीला सांगितलं, दिवाळीला याच्या फायद्यातून तुला नवीकोरी ऑटोमॅटिक. तिने विचारलं, अन् तवरक मी शाळेत कशी जाऊ? बायकांना लाँग टर्म दिसत नाही. रस्त्यावर एवढ्या जीपा धावतात, कशीही जाईल.

२१ जुलै, सोमवार.
राजपालने अल्टो शेलूबाजार-इंझोरी लायनीवर लावली. वर्षाराणी त्यातच जाते. संध्याकाळी म्हणाली, आज आपल्याच गाडीत भाडं देऊन बसली. मी म्हटलं, आपली कुठे राहिली आता? गंमत केली होती. तिला कळली नाही.

३ ऑगस्ट, रविवार.
रिस्टोरेशन जोरात. गॅरेजवाले फार शहाणपणा करतात, म्हणून काम गणेश पेंटरला दिलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या तोच रंगवतो. सगळा गंजलेला भाग खरडून लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. दरवाजात तर पत्र्यापेक्षा लांबीच जास्त बसली, म्हणजे मजबुती वाढली. नवीन स्टिअरिंग बसवलं, त्यावर लाल मखमली कव्हर. रंगासाठी गणेशने आयडिया दिली: पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावतात तो लाल ऑइलपेंट. उन्हापावसात शिंगावर टिकतो, तर गाडीवर का टिकणार नाही? बॉनेटवर दोन मोर त्याने स्वखुशीने काढले. मागच्या काचेवर 'आईवडिलांची पुण्याई'.

गाडी अशी दिसते की ओळखूच येत नाही.

१० ऑगस्ट, रविवार.
संकल्प: रोज पहाटे पाचला उठून इंजिनाचा अभ्यास. आज रविवार, म्हणून उद्यापासून. मेकॅनिक म्हणतो इंजिन जाम आहे, फिरतच नाही. त्याला म्हटलं, बाबा रे, मला विकायची आहे, चालवायची नाही.

११ ऑगस्ट, सोमवार. सकाळी साडेआठ.
पहाटेचा अभ्यास शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असतो असं वाचलं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा.
प्लॅन चोख होता. तोरणाखाली बैलांच्या रांगेत माझी फियाट. अख्खं गाव जमलेलं, फोटो, फुकट पब्लिसिटी. इंजिन बंद, म्हणून एक बैलजोडी जुंपून आणायची असं ठरवलं. सगळे बैल आज गावातच, रिकामेच. आणि नेमकं हेच डोक्यात आलं नाही की पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर कुणी जू ठेवत नाही. जन्म इथलाच माझा, पण मोठ्या विचारात माणूस असला की लहान गोष्टी सुटतात. चार घरी विचारलं. तीन घरी हसले. चौथ्या घरी म्हाताऱ्याने पायातली वहाण हातात घेतली.

शेवटी राजपालने अल्टोला दोर बांधून ओढली. मागून मी ढकलत होतो. फोटो निघाले, पण सगळ्यांत मी पाठमोरा. वर्षाराणी दारात उभी होती. बैलांना ओवाळलं, पुरणपोळी चारली. मला बघून ताट घेऊन आत गेली.

३१ ऑगस्ट, रविवार.
ऑनलाइन जाहिरात टाकली. 'राजघराण्यात शोभेल अशी.' सात फोन आले. पाच जणांनी मोर ट्रॉलीवर काढून मिळतील का विचारलं. एक राँग नंबर. सातवा मात्र खरा. नागपूरच्या निता मॅडम, जुन्या गाड्यांच्या शौकीन. म्हणाल्या, फोटोत काही नीट दिसत नाही, स्वतः येऊन बघते. वर्षाराणीला सांगितलं, ऑटोमॅटिकचा रंग ठरवून ठेव. ती वह्या तपासत होती.

१४ सप्टेंबर, रविवार.
निता मॅडम आल्या. बाई बोलायला गोड, पण जुन्या गाड्यांची समज कमी. पर्समधून चक्क लोहचुंबक काढला आणि दरवाजाला लावला. पडला. बॉनेटला लावला, पडला. मी म्हटलं, हलक्या क्वालिटीचा दिसतो. त्यांनी तो आमच्या अंगणातल्या पंपाला लावला, तो दोन हातांनी ओढून काढावा लागला.

मग मोरांकडे बघितलं. विचारलं, हिचं मूळ स्टिअरिंग कुठाय? जाळी? टोप्या? मीटर? म्हणाल्या, या मॉडेलचं खरं मोल त्यातच असतं, इंजिन मिळतं, हे मिळत नाही. मी पोत्याची हकिगत सांगितली. त्या लगेच स्वतःच्या गाडीत जाऊन बसल्या. मला रस्ता दाखवायला पुढे बसवलं.

तांड्यात गेलो तर दोन टोप्या दुधाच्या गंजांवर झाकण म्हणून, दोन पिठाच्या डब्यांवर. जाळी खुराड्याच्या खिडकीला. स्टिअरिंग आणि मीटर तसंच पोत्यात, कापडात गुंडाळून. निता मॅडमना आनंद लपवता येईना. चंदाबाईने मात्र भाव ठरवताना माझ्यासारखी घाई केली नाही. आधी सगळ्यांना चहा पाजला.

निघताना मॅडमना विचारलं, मग आमच्या गाडीचं? थोडा विचार करून म्हणाल्या, दाराची हँडलं द्याल का?

नाही म्हटलं. हेरिटेजचे असे तुकडे पाडत नसतात.

१५ सप्टेंबर, सोमवार.
सकाळी राजपालच्या अल्टोतून तांड्यात गेलो. वर्षाराणी पुढे, मी मागे चौथा. पुढची सीट शाळेच्या मॅडमची, म्हणजे हिची, ठरलेली आहे म्हणे. भाडं तिने फक्त स्वतःचं दिलं. मी तांड्यात उतरलो, ती शाळेत गेली.

हरिसिंगपुढे प्रस्ताव ठेवला. फियाट परत घे, अल्टो दे. वर मोर फुकट. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, साहेब, आमाले घेऊन काय करायची, कोंबड्यांलेबी नवं खुराडं केलं, चांगलं मोठं, थ्याबी आता तिच्यात जात नाहीत.

संध्याकाळी वर्षाराणीला शब्द दिला. काहीही करीन, पण अल्टो परत आणीन. पूर्वीसारखं रोज तुला शाळेत सोडीन. हे मी मनापासून म्हटलं, लिहून ठेवतो. तिने वहीतून मान वर केली नाही. म्हणाली, कायले? राजपाल वेळेवर येते. जुलैपासून मस्टरवर उशिराचा एकबी लाल शेरा नाही, नोकरी लागल्यापासून पयल्यांदा.

मग तिने पुढची वही उघडली. मी अंगणात जाऊन फियाटमध्ये बसलो. दार आतून उघडत नाही, तिलाच हाक मारावी लागली.