बाविसावी तार

८ तारीख, सोमवार

पोहोचलो एकदाचे. मी, आई, तीन बॅगा आणि आईची वेताची खुर्ची. खुर्ची जुन्या घरी राहू दे, असं मी शंभरदा सुचवलं. आईनं ती मांडीवर घेऊन गाडीत बसायची तयारी दाखवली, तेव्हा मी हात टेकले.

तळमजल्यावरच्या दोन खोल्या आम्हाला दिल्या आहेत. खिडकीत ऊन येतं, नळाला पाणी येतं, दारं नीट लागतात. सतरा वर्षं घरोघर फिरून वाद्यं सुरात लावणाऱ्या बाईला याहून जास्त काय हवं?

काम एकाच वाद्याचं. वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत मांडीवर मावेल एवढी हार्प आहे. ती सकाळ, दुपार, संध्याकाळ तपासायची आणि उतरलेली तार किल्लीनं खुंटी फिरवून परत चढवायची. ती वाजवतं कोण, असं विचारलं तर मालकीणबाई म्हणाल्या, कुणीच नाही. सत्तरीच्या असतील, पाठ अजून ताठ. स्वयंपाकाच्या बाई ठरल्या मिनिटाला येतात-जातात, म्हणून आईनं पहिल्या चहालाच त्यांचं नाव घड्याळबाई ठेवलं.

९ तारीख

खुंट्या बावीस, पण तारा वीसच. सगळ्यात वरच्या दोन खुंट्या रिकाम्या होत्या. घरात माणूस राहायला आलं की त्याच्या नावानं आतड्याची एक तार चढवायची आणि गाठ त्याच्याच हातानं मारायची, अशी इथली रीत आहे म्हणे. आधीच्या वादक—चुकले, लावणाऱ्या बाई आणि त्यांचे यजमान गेल्यापासून त्या दोन जागा मोकळ्या होत्या.

एकविसावी मी घेतली. बाविसावी, सगळ्यात आखूड आणि बारीक, आईला दिली. दूध उतू गेलं की तिचा आवाज त्या पट्टीपर्यंत जातोच, असं मी म्हटल्यावर आई खूश. चष्मा खालीच राहिला होता, तरी गाठ तिनंच मारली. गाठ जरा ओबडधोबड झाली. मी ती सोडून पुन्हा मारायला सांगायला हवं होतं, पण जेवायची वेळ झाली होती.

१२ तारीख

नव्या तारा सुरुवातीला ताणल्या जातात आणि सुरातून उतरतात. पंधरा दिवस त्यांच्या मागे लागावं लागतं. जुन्या वीस मात्र ढिम्म हलत नाहीत.

आज बाजारात वेळ मोडला आणि दुपारची खेप चुकली. परतले तर आई खुर्चीत, हनुवटी छातीवर, चमचा जमिनीवर. शब्द ओढत ओढत बोलत होती. डॉक्टर येऊन गेले. हवापालट, वय, विश्रांती, असं काहीबाही सांगितलं. मी वर गेले तर बाविसावी खूपच उतरलेली. ती चढवून खाली आले, तर आई भाजी कशी चिरावी यावरून घड्याळबाईंना खणखणीत आवाजात धारेवर धरत होती. मला हसू आवरेना.

१५ तारीख

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, म्हणून आज पडताळा घेतला. आईला जिन्याच्या पायथ्याशी बसवलं आणि मावशीच्या लग्नातली भांडणं सांगायला लावली. त्याला तिला आग्रह लागत नाही. वर मी किल्ली केसभर उलटी फिरवली. वाक्याच्या मध्येच तिचा आवाज खाली बसला. तार चढवली, तर त्याच शब्दापासून ती पुढे सुरू झाली.

तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच.

मालकीणबाईंना गाठलं. त्या लोकर गुंडाळत होत्या, हात थांबलेसुद्धा नाहीत. मला कळलं असेल असंच त्यांना वाटलं होतं. वीस तारा त्यांच्या मुलांच्या, सुनांच्या, नातवंडांच्या, घड्याळबाईंची एक, त्यांची स्वतःची एक. मुलं दूर पांगली तरी तारा इथेच. आधीच्या बाईंच्या यजमानांची तार झिजली होती. नवी घालायला म्हणून त्यांनी जुनी काढली. नवी चढेपर्यंतही यजमान राहिले नाहीत. मग पंधरा दिवसांत बाईही, कारण किल्लीला हात लावायचंच त्यांनी सोडून दिलं होतं.

मला आधी का सांगितलं नाही, असं विचारलं. सांगितलं असतं तर तुम्ही आला असता का, असं त्यांनी मलाच विचारलं.

१६ तारीख

गाडी बोलावली. रस्त्याच्या वळणापर्यंतच गेलो. आईची मान माझ्या खांद्यावर पडली आणि उचलेना; वर तिची तार उतरली असणार. परत फिरलो.

शुद्धीवर आल्यावर आईच म्हणाली, ते वाद्यच घेऊन जाऊ की. घोंगडीत गुंडाळून मी हार्प दाराबाहेर आणली. बाहेर गार वारा होता. हवा बदलली की तारा हलतात, हे शिकाऊ माणसालाही ठाऊक असतं आणि मी विसरले. बावीसच्या बावीस एकदम हलल्या. माझे गुडघे वाकले. घड्याळबाई पायरीवर मटकन बसल्या. वरच्या मजल्यावर फोन वाजायला लागला. थांबला, पुन्हा वाजला. मालकीणबाई ओरडल्या नाहीत, नुसते हात जोडून उभ्या राहिल्या.

हार्प आत नेली. सगळ्या तारा जागेवर आणायला दोन तास लागले. फोन तेव्हाही वाजतच होता. कुणाचा, ते मी विचारलं नाही.

१९ तारीख

माझी तार बसत चालली आहे. आईची तासातासाला उतरते. गाठीपाशी तिचे धागे सुटलेत. चढवली तर तुटेल, न चढवावी तर आई खाली खाली जाते. गाठ नवी मारायची तर तार काढावी लागेल.

खुर्ची वर आणली आहे. आईला सांगितलंय, बोलत राहा. आवाज बसायला लागला की मला कळतं. कधी नव्हे ते बाबांबद्दलही बोलली. डोकं ठणकतंय म्हणाली, पण तू लाव, मला अजून सांगायचंय. मला फार भीती वाटते आहे.

२० तारीख, सकाळ

खुंटीच धरत नाही. भोक झिजलंय. किल्ली सोडली की फिरते. म्हणून उजव्या हातानं किल्ली धरून बसले आहे. डाव्या हातानं लिहिते. अक्षर असंच येणार.

मालकीणबाईंना क्षणभर धरायला सांगितलं. त्यांची बोटं वाकडी, किल्ली निसटली. आईचे ओठ निळे पडले. मी परत धरली. घड्याळबाई दारातून आत येत नाहीत.

दुपार

एकविसावी उतरली. माझी. ऐकू आलं. तिची खुंटी दोन बोटांवर आहे, पण किल्ली एकच. ती बाविसावीवर आहे.

बॅगेतली पक्कड मागितली. पक्कडीनं जुनं लाकूड फुटेल आणि मग सगळ्यांचंच काय, असं म्हणून मालकीणबाईंनी बॅग कुलपात ठेवली. चिडल्या नव्हत्या. डोळे पुसत होत्या.

पलीकडच्या खोलीत मालकीणबाई फोनवर जाहिरात सांगताहेत. वाद्य लावणारी व्यक्ती पाहिजे. दोन खोल्या. सोबत घरचं माणूस चालेल—

आई विचारते, हात का थरथरतोय. म्हटलं, गारठा आहे.

चार वाजता

मनगटात जोर नाही. माझी आणखी उतरली—

किल्ली कोपरानं दाबून—

आई बोलते आहे. स्पष्ट. छान आवाज लागलाय तिचा. माझ्या शाळेचा पहिला दिवस सांगते आहे. मी फाटकाशी किती रडले. बाई म्हणाल्या होत्या, तुम्ही जा आता. पण ती म्हणते, तू स्वतः सोडेपर्यंत मी तुझा हात—